प्रेमकथा सगळ्यांना माहितीये, पण चाळीसगावच्या केकी मूस यांनी फोटोग्राफीत नेमकं काय केलं?

केकी मूस हे नाव सर्च करा. पहिल्यांदा प्रेमकथाच समोर येते.

मुंबईत शिकत असताना एका मुलीवर जीव जडला. चाळीसगावला परत जायची वेळ आली तेव्हा तिनं शब्द दिला की, मी एक दिवस रात्रीच्या मेलनं येईन, आपण एकत्र जेवू. ती काही आली नाही. मूस मात्र रोज रात्री गाडीच्या वेळेला बंगल्याचे दिवे लावायचे, दार उघडायचे, टेबलावर दोन ताटं मांडायचे. गाडी निघून गेली की मगच जेवायचे. हे पन्नास वर्षं चाललं.

चाळीसगावात ही गोष्ट आजही सांगितली जाते आणि सोशल मीडियावर दरवर्षी कुणीतरी ती नव्यानं टाकतं. लोक रडतात, शेअर करतात, पुढं जातात.

पण त्या पन्नास वर्षांत हा माणूस फक्त दाराकडं बघत बसला नव्हता. तो काम करत होता. रेल्वे जंक्शनच्या गावात, चार भिंतींच्या आत राहून त्यानं फोटोग्राफीत असं नाव केलं की देशविदेशातल्या स्पर्धांची शेकडो पारितोषिकं त्या बंगल्याच्या पत्त्यावर आली. आज लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात.

ही गोष्ट त्या कामाची आहे.

तर सुरुवातीपासून सुरुवात करू.

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. आईवडिलांनी धंद्यासाठी गाव निवडलं ते चाळीसगाव. तेव्हा हा भाग पूर्व खानदेश जिल्ह्यात यायचा. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले होते. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे.

आता प्रश्न पडेल की मुंबईचं पारशी कुटुंब खानदेशात कशाला येईल?

उत्तर आहे रेल्वे. मुंबईहून भुसावळकडं जाणारी जीआयपी रेल्वेची मुख्य लाइन चाळीसगाववरून जाते. इथूनच धुळ्याला फाटा फुटतो. म्हणजे धुळ्याला जायचं असेल तर चाळीसगावला गाडी बदलायची. जंक्शन आलं की प्रवासी आले, माल आला, रेल्वेचे साहेब आले. अशा रेल्वेच्या गावांत दुकान टाकून बस्तान बसवणारी पारशी कुटुंबं देशभर होती. मूस कुटुंबानंही स्टेशनजवळ सोडावॉटर आणि दारूचं दुकान चालवलं. धंदा बसला.

पोरगा मात्र धंद्यात रमणारा नव्हता. त्याला चित्रांचा नाद.

शिक्षणासाठी केकी मुंबईला गेले, विल्सन कॉलेजात शिकले. पुढं इंग्लंडला जाऊन त्यांनी शेफिल्डच्या बेनेट कॉलेजमधून कमर्शियल आर्टचं शिक्षण घेतलं. फोटोग्राफी त्याच शिक्षणाचा भाग होती.

कमर्शियल आर्ट म्हणजे काय, तर जाहिरातीची, पोस्टरची, वेष्टनाची, छापील मालाची कला. १९३० च्या दशकातल्या मुंबईत या शिक्षणाला चांगलाच भाव होता. जाहिरात कंपन्या सुरू झाल्या होत्या, सिनेमा बोलायला लागला होता, नटनट्यांना पोर्ट्रेट हवे होते, संस्थानिकांना हवे होते, गिरणीमालकांना हवे होते. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२८ साली हॅमिल्टन स्टुडिओ सुरू झाला होता आणि मुंबईतली बडी मंडळी तिथं फोटो काढायला जायची.

इंग्लंडहून शिकून आलेल्या पारशी पोरानं फोर्टात एक खोली घेतली असती, पाटी लावली असती, तर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नसता.

त्यांनी तसं केलं नाही. १९३० चं दशक संपता संपता ते चाळीसगावला परत आले आणि स्टेशनजवळच्या आपल्या दगडी बंगल्यात राहायला लागले. नंतरच्या जवळपास पन्नास वर्षांत ते त्या बंगल्याबाहेर अगदी मोजक्या वेळा पडले.

इथं थोडं थांबून त्या काळातला फोटोग्राफीचा धंदा समजून घेऊ. त्याशिवाय मूस यांनी काय सोडलं आणि काय मिळवलं ते कळणार नाही.

फोटोग्राफीवर नाव कमवायचे तेव्हा ढोबळमानानं तीन रस्ते होते.

पहिला रस्ता स्टुडिओचा. फोटोग्राफर एका जागी बसतो, गिऱ्हाईक त्याच्याकडं येतं. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर जिना नाहीतर बाग, शेजारी स्टूल आणि त्यावर फुलदाणी. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, कुठल्याही गावातल्या जुन्या घरात भिंतीवर असा एक फोटो सापडेल. लग्न ठरवायला मुलीचा फोटो, लग्न झाल्यावर जोडप्याचा फोटो, बाळ झालं की बाळाचा, आणि म्हातारं माणूस गेलं की हार घालायला जुन्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा केलेला फोटो. स्टुडिओचा धंदा माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत चालायचा. दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी गोध्र्यात असाच फोटो स्टुडिओ चालवत होते.

या रस्त्यावर पैसा आहे, पण गिऱ्हाईकाची मर्जी सांभाळावी लागते. गिऱ्हाईकाला आहे त्यापेक्षा गोरं दिसायचं असतं, सुरकुत्या नको असतात. मग फोटोग्राफर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या भरतो. याला रिटचिंग म्हणायचे. आजचं फिल्टर म्हणजे त्याचंच नातवंड.

दुसरा रस्ता बातमीचा. इथं फोटोग्राफर फिरतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे होमाई व्यारावाला. त्याही पारशी, जन्म १९१३ चा, म्हणजे मूस यांच्यापेक्षा एका वर्षानं लहान. मुंबईत शिकल्या, १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि गळ्यात कॅमेरा अडकवून सायकलवरून फिरत त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

एकाच समाजात, एकाच काळात जन्मलेले दोन फोटोग्राफर. एक देशाच्या राजधानीत रस्त्यावर, दुसरा खानदेशात बंद दाराआड.

तिसरा रस्ता सलॉनचा. सलॉन म्हणजे केस कापायचं दुकान नाही, तर फोटोंचं स्पर्धा-प्रदर्शन. लंडनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी त्यानंतर एकाच वर्षानं, १८५४ साली निघाली. अशा सोसायट्या जगभर होत्या आणि त्या प्रदर्शनं भरवायच्या. फोटोग्राफरनं आपला प्रिंट काळजीपूर्वक पॅक करून पोस्टानं पाठवायचा. तिथं परीक्षक बसायचे, प्रिंट निवडायचे, भिंतीवर लावायचे, पदक द्यायचे. मग प्रिंट परत यायचा, मागच्या बाजूला प्रदर्शनाचं लेबल चिकटवून.

म्हणजे स्टुडिओत गिऱ्हाईक येतं, बातमीत फोटोग्राफर जातो आणि सलॉनमध्ये फक्त प्रिंट प्रवास करतो.

घराबाहेर न पडणाऱ्या माणसासाठी हा तिसरा रस्ता जणू मापानं शिवलेला होता. मूस यांनी तोच धरला. ते चाळीसगावात राहिले आणि त्यांचे फोटो जग फिरले. स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं. ज्या रेल्वेनं त्यांच्या आईवडिलांना इथं आणलं, त्याच रेल्वेनं केमिकल आणि कागद मुंबईहून यायचा आणि तीच रेल्वे प्रिंट घेऊन जायची.

पण या रस्त्याचीही एक किंमत असते. सलॉनमध्ये पदक मिळतं, मान मिळतो, पण घर चालेल एवढा पैसा मिळत नाही. गिऱ्हाईकाची मर्जी राखायची नसेल तर पोटाची सोय दुसरीकडून असावी लागते. मूस यांच्या मागं कुटुंबाचं दुकान होतं. त्यामुळं त्यांना आपल्या मनाचा फोटो काढता आला. हे कुणी फारसं सांगत नाही, पण कलेच्या गोष्टीत हिशेबाचा हा भागही खरा असतो.

आता त्यांच्या कामाकडं येऊ.

मूस यांनी आपल्या बंगल्याला नाव दिलं होतं रेम्ब्राँज रिट्रीट. रेम्ब्राँ म्हणजे हॉलंडचा सतराव्या शतकातला चित्रकार. जन्म १६०६, मृत्यू १६६९. रिट्रीट म्हणजे एकांताची जागा.

हेच नाव का, याचा अंदाज बांधता येतो. फोटोग्राफीत पोर्ट्रेटसाठी प्रकाश पाडण्याची एक पद्धतच रेम्ब्राँच्या नावानं ओळखली जाते. दिवा नाहीतर खिडकी माणसाच्या एका बाजूला, चेहऱ्यापेक्षा थोडी वर ठेवायची. मग चेहऱ्याचा एक भाग उजळतो, दुसरा सावलीत जातो आणि सावलीतल्या गालावर, डोळ्याच्या अगदी खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडतो. तेवढ्या त्रिकोणानं चेहऱ्याला खोली येते. आज कुठल्याही फोटोग्राफीच्या क्लासमध्ये ही पद्धत शिकवतात. मोबाइल घेऊन घरातल्या खिडकीशेजारी उभे राहा, तुम्हालाही जमेल.

रेम्ब्राँचं आयुष्यही बघण्यासारखं आहे. त्या काळात चित्रकारानं इटलीला जाऊन यायचं, अशी रीत होती. रेम्ब्राँ कधीच गेला नाही. आपल्या शहरात बसून त्यानं शेजारीपाजारी रंगवले, म्हातारी माणसं रंगवली आणि कुणी बसायला मिळालं नाही की आरशात बघून स्वतःलाच रंगवलं. पोर्ट्रेट काढून त्यानं बक्कळ कमावलं, वस्तू जमवण्याच्या नादात आणि मोठ्या घराच्या कर्जात घालवलं आणि १६५६ साली त्याचं दिवाळं निघालं.

एका जागी राहणारा, चेहऱ्यांत रमणारा आणि वस्तू जमवणारा. चाळीसगावच्या बंगल्याला त्याचं नाव शोभतं.

कारण मूसही जमवणारे होते. जुन्या वस्तू, पुस्तकं, गाण्यांच्या रेकॉर्डी यांनी त्यांचं घर भरलेलं होतं. ते चित्रं काढायचे, शिल्पं करायचे, लाकडात काम करायचे, कागदाच्या घड्या घालून आकृत्या बनवायचे. फोटोग्राफी हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं अंग.

त्यातही त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीसाठी.

टेबलटॉप म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या देखाव्याचा फोटो, पण बघणाऱ्याला तो खरा वाटला पाहिजे. या प्रकारात मिठाचं बर्फ होतं, आरशाचं तळं होतं, कापसाचे ढग होतात आणि वाळकी काटकी झाड बनते. ऐकायला सोपं वाटतं, पण यात दोन मोठ्या अडचणी आहेत.

पहिली अडचण फोकसची. जवळून फोटो काढला की थोडाच भाग स्पष्ट येतो, पुढचं-मागचं धूसर होतं आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की ही वस्तू छोटी आहे. त्यावर उपाय म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं. पण छिद्र बारीक झालं की उजेड कमी येतो, मग एक्सपोजर लांबवावं लागतं. तेवढा वेळ कॅमेराही हलता कामा नये आणि टेबलही.

दुसरी अडचण प्रकाशाची. खऱ्या जगात सूर्य एकच आहे. टेबलावर दोन दिवे लावले आणि दोन सावल्या पडल्या की खेळ संपला. एका दिव्यातून पहाट उभी करायची, त्याच दिव्यातून चांदणं उभं करायचं. हे ज्याला जमतं, तो फोटोग्राफर प्रकाश ओळखतो असं समजायचं.

जो माणूस जग बघायला बाहेर जात नाही, त्यानं जग टेबलावर बांधायला घेतलं, यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

आणि हे सगळं कुठं, तर खानदेशात.

खानदेशचा उन्हाळा सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायच्या द्रावणाचं तापमान साधारण २० अंश असावं, असं फोटोग्राफीची पुस्तकं सांगायची. फिल्मवरचा चांदीच्या क्षारांचा थर जिलेटिनचा असतो. पाणी गरम झालं की तो फुगतो, मऊ पडतो आणि फारच तापलं तर सुटून येतो. म्हणजे महिनाभराची मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः.

म्हणून आपल्याकडचे फोटोग्राफर उन्हाळ्यात रात्री उशिरा डार्करूममध्ये शिरायचे, ट्रेभोवती बर्फ ठेवायचे, थर घट्ट राहावा म्हणून तुरटीच्या जातीचं रसायन वापरायचे. त्यात स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं आली. फिल्म आणि कागद जपून वापरायची वेळ आली. सरकारनं १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली, ती याच टंचाईमुळं.

लंडन किंवा मुंबईच्या फोटोग्राफरशी स्पर्धा करताना खानदेशातल्या माणसाला आधी उन्हाशी आणि मग टंचाईशी स्पर्धा करावी लागायची. परीक्षकाला यातलं काही दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त प्रिंट असतो.

मूस चेहऱ्यांचेही फोटो काढायचे. त्यांच्या पोर्ट्रेटमध्ये जसे मोठे लोक आहेत तसे रस्त्यावरचेही आहेत. गिऱ्हाईक सांभाळायचं नसल्यामुळं सुरकुती पुसायची सक्ती नव्हती. उलट बाजूनं पडलेल्या उजेडात सुरकुती हाच फोटोचा जीव होतो.

पंडित नेहरूंचा फोटो काढल्याची आठवण चाळीसगावात अभिमानानं सांगतात. विनोबा भावे यांच्या फोटोसाठी तर मूस बंगल्याचा उंबरा ओलांडून रेल्वे स्टेशनवर गेले, असंही सांगतात.

विनोबांसाठी उंबरा ओलांडणं खानदेशी माणसाला चटकन समजतं. विनोबा इथले नसले तरी इथं आपलेच मानले जातात. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी कैद्यांपुढं गीतेवर प्रवचनं दिली आणि अमळनेरच्या शाळेत मास्तर राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढं त्याचंच गीता प्रवचने हे पुस्तक झालं. विनोबा बंद भिंतीआड असताना त्यांचं बोलणं बाहेर पडून देशभर पोहोचलं होतं. मूस यांचंही तसंच, फक्त त्यांच्या भिंती त्यांनी स्वतः निवडलेल्या होत्या.

मग लोक विचारतात की, त्या भिंती त्यांनी प्रेमासाठी निवडल्या की कामासाठी?

याचं उत्तर आता कुणीच देऊ शकत नाही, आणि एकच उत्तर असलं पाहिजे असंही नाही. पण एक गोष्ट हिशेबात घ्या. फक्त वाट बघणारा माणूस पन्नास वर्षांत शेकडो फोटो काढून, धुऊन, प्रिंट करून, पॅक करून जगभर पाठवत नाही. त्याला रोज उठून काम करावं लागतं. वाट बघायला संध्याकाळचा एखादा तास पुरतो. बाकीचे तास त्यांनी कॅमेऱ्याला दिले.

प्रेमकथेनं मूस यांचं नाव टिकवलं हे खरं. ती नसती तर कदाचित तुम्ही हा लेखही उघडला नसता. पण त्याच कथेनं त्यांचे फोटो झाकूनही टाकले. गोष्ट शेअर करणाऱ्या दहा जणांना विचारा की त्यांचा एखादा फोटो आठवतो का? बहुतेक जण गप्प बसतील. ज्या माणसानं आयुष्यभर चित्रातून बोलायचं ठरवलं, त्याला आपण फक्त कहाणीतून ओळखतो, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

३१ डिसेंबर १९८९ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी केकी मूस गेले.

योगायोग बघा, खानदेशात राहून काम केलेला आणखी एक एकांडा माणूस याच तारखेला गेला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. गावोगावची दप्तरं गोळा करत फिरलेल्या राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात प्राण सोडला. त्यांच्यामागं धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं आणि त्यांची कागदपत्रं जपली.

मूस यांच्यामागं चाळीसगावकरांनी तेच केलं. त्यांचं काम आणि त्यांनी जमवलेल्या वस्तू आज चाळीसगावात केकी मूस कलादालन म्हणून जपलेल्या आहेत.

चाळीसगावला लोक पाटणादेवीला जातात, पितळखोऱ्याची लेणी बघतात, गणितज्ञ भास्कराचार्यांचं नाव सांगणारा पाटणचा शिलालेख दाखवतात. त्या यादीत हे कलादालनही घाला. तिथं गेलात तर दोन ताटांचं टेबल कुठं होतं हे विचाराल, ते साहजिक आहे. विचारा. पण त्याआधी भिंतीवरच्या एखाद्या पोर्ट्रेटसमोर दोन मिनिटं उभे राहा आणि उजेड कुठल्या बाजूनं पडलाय ते शोधा. गालावरचा तो छोटा त्रिकोण सापडला, तर केकी मूस पन्नास वर्षं आत काय करत होते ते तुम्हाला थोडंफार कळलेलं असेल.